वर्ग संपल्यावरची पंधरा मिनिटं

दिवाळी सरली की यवतमाळच्या रस्त्यावर कापूस उडू लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या ताडपत्रीतून पुंजके निसटतात आणि बाभळीला, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना अडकून बसतात. एखादा माझ्या ऑफिसच्या खिडकीच्या जाळीतही येतो. मी तो काढते, बोटांत चोळते, सरकी चाचपते, किडकी कवडी आहे की चांगला कापूस ते बघते. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला वाटत असेल, या बाईला काय झालं मधूनच! पण हाताची सवय जात नाही. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, त्या आता भरून आल्या आहेत.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. घरबसल्या शिकणाऱ्या, फोनवरून कॉलेज करणाऱ्या पोरापोरींची इथं नोंदणी होते. मागच्या आठवड्यात आमच्या सरांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हणाले, "प्रज्ञा, नव्या मुलांसाठी एक पान लिहून दे. ऑनलाइन अभ्यासक्रमात प्राध्यापकांशी चांगले संबंध कसे जोडावेत. तुझ्याइतकं हे कोणाला जमणार?"

सरांचं काही चुकलं नाही. माझी एम.ए.ची जागा, वसतिगृहातली खोली, आणि फिरून ही नोकरीसुद्धा, सगळं एका शिफारसपत्रावर उभं आहे. ते ज्या मॅडमनी लिहिलं, त्यांनी मला तोवर डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मुलाखतीत मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. सगळ्यांना फार आवडलं होतं.

मी लिहायला घेतलं. कॅमेरा सुरू ठेवा. नाव सांगून बोला. शंका विचारायला लाजू नका. मग लिहिलं, वर्ग संपल्यावर लगेच निघून जाऊ नका, थोडं थांबा. आणि तिथं पेन थांबलं. बाई गं, काय तोंडानं लिहितेस, असं मी स्वतःलाच म्हटलं. ज्या मॅडमच्या जिवावर मी इथं बसले, त्यांना मी वर्षभर फसवलं होतं आणि ते त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं.

कॉलेज फोनवर आलं ते वर्ष. आमचं गाव दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावर, गावाला लागूनच आमचं तीन एकर शेत. बाबा लोहाऱ्याच्या एका कारखान्यात होते, ते आठवड्यातून एकदा यायचे. घरी मी आणि आई. कापसाची झाडं, आमची पऱ्हाटी, डोक्याइतकी वाढलेली, लांबून पाहिलं तर डोळे निवतील अशी. जवळ जाऊन बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. आधीची दोन-तीन वर्षंही तशीच गेली होती. त्यात परतीचा पाऊस रेंगाळला. फुटलेलं बोंड दोन दिवस झाडावर राहिलं की काळं पडायचं. मजूर मिळत नव्हते, जो तो आपापल्या शेतात. म्हणून आम्हा दोघींचेच चार हात.

आणि रोज दहाला भूगोलाचा वर्ग.

गावात नेटवर्क नव्हतं. शेताच्या वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडुनिंब होता, त्याच्या बुडाशी मात्र फोनच्या तिन्ही कांड्या भरून यायच्या. मी तिथं फोन लावायची, हजेरीला 'येस मॅम' लिहायची, आणि कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून ओळीत शिरायची. आईचे गुडघे दुखायचे, तिला वाकून वेचवत नव्हतं. ती निंबाखाली बसून मी आणून टाकलेल्या कापसातून किडका कापूस वेगळा काढायची. एका गाठोड्यात पांढरा, दुसऱ्यात कवडी. फोनचा आवाज बारीक येतो म्हणून तिनंच तो रिकाम्या गंजात, खोलगट पातेल्यात, ठेवला होता. गंजातून आवाज असा घुमून यायचा की दोन ओळी पलीकडंही अर्धामुर्धा ऐकू येई. काळी मृदा, तिची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता, तिला पडणाऱ्या भेगा. मी त्याच मृदेत घोट्यापर्यंत रुतलेली असायची. चिखल चपलेला इतका चिकटायचा की चपला उचलताना पाय भरून यायचे.

शुभांगी मॅडम उमरखेडच्या. आमच्या कॉलेजात त्याच वर्षी तासिकेवर आल्या होत्या, म्हणजे तासापुरती नेमणूक, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. वर्गात नीट कधी बघायलाही मिळाल्या नाहीत, आम्ही शेवटच्या वर्षाला प्रवेश घेतला आणि कॉलेजला कुलूप लागलं. फोनच्या चौकटीत त्यांचा चेहरा, मागे निळी भिंत आणि भिंतीवर पाल. पाल दिसली की पोरं हसण्याची चित्रं पाठवायची. शिकवताना मॅडम मधेच विचारायच्या, "आहात ना रे?" चाळीस नावं दिसत असायची. खरं सांगायचं तर एकही जण नसायचा. कोणी बकऱ्या हाकत असे, कोणी किराणा तोलत असे. एकदा एकाचा माइक चुकून सुरू राहिला आणि साऱ्या वर्गाला 'अबे, बैल सोड, बैल सोड' असं ऐकू आलं. मॅडम हसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी बैल सोड, मग नकाशा काढ."

वर्ग संपला की त्या एकच वाक्य रोज म्हणायच्या. "मी अजून पंधरा मिनिटं इथंच आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर थांबा." हे वाक्य पुरं व्हायच्या आत चाळीसची चाळीस नावं गळून पडायची.

एकोणचाळीस म्हणायला हवं. माझं नाव तिथंच राहायचं. मी थांबलेली नसायची हो! मी दहा-बारा ओळी पलीकडं असायची, ओटी भरल्याशिवाय धुऱ्यावर येणं परवडायचं नाही. येईपर्यंत मॅडमनी वर्ग बंद केलेला असायचा.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी ओटी रिकामी करायला आले तर आईनं मला डोळे वटारून पाहिलं.

"काय वं, तुही मॅडम रोज तुयाशी बोलते, अन् तू तिकडं पऱ्हाटीत कायले पयते?"

"माझ्याशी कुठं, सगळ्यांशी बोलते."

"सगळे जातेत नं निघून! मंग ते म्हणते, प्रज्ञा, तू थांबली का, बरं वाटते बापा. आज तिच्या बाबाच्या पायाले सूज हाये म्हणे. रात्रभर बसून होती बिचारी."

मी गंजात वाकून बघितलं. फोन शांत होता. पंधरा दिवस मॅडम माझ्या नावाशी बोलत होत्या. आणि कापसात बसलेली माझी आई ते ऐकत होती.

त्या वेळी काय वाटलं ते नीट आठवतं. आधी धस्स झालं. मग लगेच, दुसऱ्याच क्षणाला, आनंद झाला. कॉलेजमधली एक प्राध्यापिका माझं नाव घेते! माझ्या घरात कोणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. कोणाची ओळख नाही, कोणाचा आधार नाही. आणि इथं फुकटात एक ओळख होऊन बसली होती. त्याच संध्याकाळी मी मॅडमना निरोप पाठवला. शुद्ध भाषेत, दोनदा तपासून. 'मॅडम, तुमच्या बाबांच्या पायाची सूज ऐकून वाईट वाटलं. हळदीचा लेप गरम करून लावून बघाल का? माझा माइक बिघडला आहे, त्यामुळे बोलता येत नाही, पण मी सगळं ऐकते.'

माइक ठणठणीत होता. हळद आईनं सांगितलेली होती.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'किती मायेनं ऐकतेस गं.'

इथं थांबायला हवं होतं. पंधरा दिवसांची चूक ही चूकच असते, माणूस ती हसून सांगू शकतो. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणवत नाही. मी रोज मुद्दाम फोन सुरू ठेवू लागले. दुपारी भाकर खाताना आईला खोदून विचारायची, "आज काय म्हणाल्या?" आई सांगायची. तिला सगळं पाठ असायचं, आवाजाच्या चढउतारासकट. मॅडमचं संशोधन अर्धं राहिलं आहे. त्या पैनगंगेच्या काठच्या मातीवर लिहीत होत्या. आई गेल्यावर बाबांकडं बघायला कोणी नाही म्हणून त्यांनी लग्नाचं पुढं ढकललं. कधीकधी त्यांना वाटतं, आपण भिंतीशी बोलतो आहोत. मी यातलं सोयीचं तेवढं उचलायची आणि संध्याकाळी दोन गोड ओळी पाठवायची. आईच्या कानांवर मी मॅडमचा लोभ कमावत होते.

आई मात्र आपली उत्तरं देत बसायची. कवडी कापूस निवडता निवडता गंजाकडं तोंड करून म्हणायची, "मॅडम, भिताडाशी नाही बोलून राह्यल्या तुमी, मी हाव नं इथं." किंवा, "लिहून टाका तुमचं ते मातीचं पुस्तक, बाबा का नाही म्हणते?" पलीकडं काही पोचायचं नाही. एक दिवस ती वैतागली.

"मी इतकं बोलतो, तिले ऐकू काहून जात नाही वं?"

"माइक बंद आहे आई."

"मंग सुरू कर नं. दोन शब्द बोलतो मी तिच्याशी. एकटी पडली ते पोरगी."

"नको."

"काहून नको?"

मी काहीतरी सांगितलं. म्हटलं, कॉलेजचा नियम आहे, घरच्यांनी बोलायचं नसतं. आईनं विश्वास ठेवला. कॉलेजचे नियम तिला कुठं माहीत? खरं कारण मला तेव्हाच माहीत होतं. मला आईची लाज वाटत होती. तिच्या 'मले-तुले'ची, तिच्या 'बापा'ची, ओटीची, गंजाची, निंबावर बसणाऱ्या कावळ्यांची. मॅडमना वाटत होतं की मी टेबलाशी बसून वही उघडून ऐकते. ते चित्र मला फार आवडायचं. एक साधं बटण दाबलं असतं तर त्या दोघी बोलल्या असत्या. मी ते अख्ख्या हंगामात दाबलं नाही. आता लिहितानाही कान गरम होतात.

तिसरी वेचणी संपली. पऱ्हाटीची पानं गळाली, बोंडं फुटेनाशी झाली, नुसत्या काड्या उरल्या. बहुतेकांनी त्या वर्षी लवकरच पऱ्हाटी उपटून टाकली, अळी पुढच्या वर्षाला राहू नये म्हणून. उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग धुऱ्यावर रचला की शेत एकदम उघडं दिसतं. वर्ग पुढं सुरूच होते. आता मला ओळीत जायचं कारण नव्हतं. मी निंबाखाली बसून ऐकू शकले असते. पण नेमकं तेव्हा मी फोन आईपाशी ठेवून घरी यायची. तिचं सांगणं माझ्या सवयीचं झालं होतं. आणि तिलाही ती पंधरा मिनिटं हवी असायची, हे मला दिसत होतं. वर्ग संपायच्या सुमाराला ती केस नीट करायची, पदर डोक्यावर घ्यायची. कोण बघणार होतं तिला तिथं? कॅमेरासुद्धा बंदच होता.

पुढं कॉलेज उघडलं आणि मॅडमनी मला शिफारसपत्र न्यायला बोलावलं. आई आदल्या दिवसापासून तयारीत. पेटीतलं हिरवं लुगडं बाहेर काढून ठेवलेलं.

"मी येतो तुयासंगं. मॅडमले पाहून येतो एकडाव."

"कागदपत्राचं काम आहे आई. तिथं तुझं काय काम?"

लुगड्याची घडी तिनं पुन्हा पेटीत ठेवली. मी जीपमध्ये बसले तेव्हा ती दारात उभी होती आणि म्हणाली, "मॅडम आता कशी हाये, इचारजो." मी विचारलं नाही.

मॅडम फोनमध्ये उंच वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होत्या. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांची खुर्ची, टेबल दुसऱ्या कोणाचं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या नखांकडं पाहिलं. "चाळीस जणांत तू एकटी थांबायचीस," त्या म्हणाल्या. "तुला कल्पना नाही प्रज्ञा. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी शिकवणं सोडणार होते. कोणासाठी शिकवायचं, वाटायचं. मग वाटायचं, उद्या दहाला एक मुलगी थांबणार आहे."

सांग, सांग, असं आतून कोणी ढोसत होतं. बोलायला जागा होती, वेळ होता, स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी वाकून पाया पडले आणि पत्र घेतलं. पत्रात लिहिलं होतं की या विद्यार्थिनीइतकं मनापासून ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. जीपमध्ये मी ते वाचलं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. रडू वगैरे आलं नाही. प्रवेश मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्या वर्षी मॅडमची नेमणूक झाली नाही. मला हे सहा महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. मी अमरावतीला होते, समोर बसून शिकवणारे प्राध्यापक होते, नव्या ओळखी होत्या. सणासुदीला मॅडमना शुभेच्छा पाठवायची, तयार मिळतात तशा, फुलांच्या चित्राच्या. त्या मात्र दर वेळी स्वतःच्या शब्दांत लिहून उत्तर द्यायच्या. मग त्यांचं लिहिणं लहान होत गेलं. मग माझं पाठवणंही राहिलं. आईच तेवढी विचारायची, "मॅडम काय म्हणते?" मी म्हणायची, "मजेत आहेत." मला काहीही माहीत नसायचं.

तर ते सरांचं पान. चार वाक्यांवर अडलेलं. ते तसंच पिशवीत घेऊन मी या रविवारी गावी आले. आता गावात टॉवर झाला आहे, अंगणातसुद्धा फोन लागतो. आई ओट्यावर बसून कापूस निवडत होती. यंदाही कवडीचं गाठोडं पांढऱ्यापेक्षा मोठं. मी तिच्या शेजारी बसले, दोन मुठी निवडल्या आणि तिला सगळं सांगितलं. कॉलेजचा तसा काही नियम नव्हता, हेसुद्धा सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती नुसतं "असं होय" म्हणाली आणि हातातल्या पुंजक्यातली कचऱ्याची पानं काढत राहिली. तिच्या त्या 'असं होय'पेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी उठून अंगणात गेले आणि मॅडमना फोन लावला. चार वर्षांनी.

"प्रज्ञा?" मॅडमनी लगेच ओळखलं. मागे शाळकरी पोरांचा गलका होता, त्या आता घरीच शिकवण्या घेतात. "अगं, आज कशी आठवण झाली?"

मी प्रस्तावना केली नाही, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं. म्हटलं, "मॅडम, त्या वर्षी वर्ग संपल्यावर मी थांबत नव्हते. मी कापूस वेचत होते. फोन निंबाखाली ठेवलेला असायचा. तिथं माझी आई बसायची. तुमचं सगळं तिनं ऐकलं. मी तिला विचारून तुम्हाला निरोप लिहायची."

पलीकडं पोरांचा आवाज थांबला. मॅडम बहुतेक दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"सगळं ऐकलं त्यांनी?"

"हो."

"बाबा गेले त्या दिवशी मी वर्ग घेतला होता. त्यानंतरचं?"

ते मला माहीतच नव्हतं. आईनं ते मला कधी सांगितलं नव्हतं. मी ओट्याकडं पाहिलं. आईचे हात थांबले होते.

"त्या काही म्हणायच्या नाहीत का गं?" मॅडमनी विचारलं.

"म्हणायची. रोज म्हणायची. माइक मी बंद ठेवला होता. बिघडला नव्हता."

मला वाटलं त्या विचारतील का. मी उत्तर तयार ठेवलं होतं. लाज वाटत होती म्हणून, असं सरळ सांगणार होते, माफी मागणार होते, पत्र परत करते असंही म्हणणार होते. किती किती जुळवून ठेवलं होतं मी. मॅडमनी यातलं काहीच विचारलं नाही.

"त्यांना दे फोन," त्या म्हणाल्या.

आईनं आधी हात पदराला पुसले. फोन दोन्ही हातांनी धरला. "जय भीम मॅडम," ती म्हणाली. मग ऐकत ऐकत बोलू लागली. "होय... होय बापा... मी होतो नं तिथंच... त्या दिशी मीबी लय रडलो तुमच्यासंगं..." मी ओट्यावर बसले होते. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि फोन घेऊन आत गेली. दार तिनं पुढं लोटून घेतलं.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आतून कधी आईचं हसू येई, कधी काहीच येत नसे. मी कापूस निवडत बसले. शब्द कळत नव्हते, आणि उठून दाराशी जायचा मला हक्क नव्हता. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा उजळलेला होता. तिनं फोन माझ्या हातात दिला. कॉल संपलेला होता.

"मॅडम माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली आणि निवडायला बसली.